पंडिता रमाबाईंचा तथाकथित अहंकार

ख्रिस्ती प्रीतीचा कळस नम्रतेत आहे आणि नम्रतेची खूण म्हणजे आपले मत वडीलधाऱ्यांच्या पायाशी ठेवण्याची तयारी, असे एक मत ख्रिस्ती मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात आले आहे. याच मताच्या आधाराने पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील वर्षांचा एक ठरीव अर्थ लावला जातो. विद्वान पण मानी अशी एक तरुण विधवा इंग्लंडला गेली, तेथील धर्मभगिनींनी तिला मायेने आसरा दिला, तिने मात्र बाप्तिस्मा घेऊन झाल्यावर धर्मतत्त्वांवर हुज्जत घातली, उपकारकर्त्यांना उलट उत्तरे दिली, आणि पुढे केडगावला दुष्काळात सापडलेल्या मुलींची सेवा करता करता तिचा ताठा उतरून ती खऱ्या अर्थाने ख्रिस्ती झाली, असा तो अर्थ आहे. तो सोयीचा आहे, कारण त्यात कोणाचेच फारसे चुकत नाही: भगिनींचे प्रेम खरे ठरते, रमाबाईंची थोरवी अबाधित राहते आणि मधल्या भांडणाचे खापर एका दुर्गुणावर फोडता येते. पण उपलब्ध पत्रव्यवहार या अर्थाला साथ देत नाही, आणि ज्या शास्त्राचा हवाला देऊन तो लावला जातो ते शास्त्रही देत नाही.

रमाबाई १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. आईवडील, थोरली बहीण, भाऊ आणि पती यांपैकी कोणीही तेव्हा हयात नव्हते. वांटेज येथे त्यांना ठेवून घेणारा भगिनीसंघ अँग्लिकन चर्चचा, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा होता. विल्यम बटलर या धर्मगुरूने तो १८४८ मध्ये स्थापन केला होता आणि पुण्याच्या पंचहौद मिशनमध्येही त्याच्या भगिनी काम करीत. भगिनींनी रमाबाईंना इंग्रजी शिकवावे आणि त्यांनी हिंदुस्थानात जाऊ पाहणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावी, असा व्यवहार ठरला होता. त्या अगदीच आश्रित नव्हत्या. पण परक्या देशात, परक्या भाषेत, लहान मुलीसह दुसऱ्याच्या छपराखाली राहणाऱ्या व्यक्तीचे पारडे किती हलके असते हे सांगायला नको. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. मतभेदांना खरी धार आली ती त्यानंतर.

मतभेदांचे विषय पाहिले म्हणजे ‘अहंकार’ या निदानाचा पोकळपणा लक्षात येतो. रमाबाई मांस खात नसत आणि अंडे घातलेले गोड पदार्थही टाळीत. यात सिस्टर जेराल्डीन यांना जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंचे उत्तर असे होते की पूर्वजांच्या ज्या चालीरीती कोणाला अपाय करीत नाहीत त्या सोडण्याचे कारण नाही, आणि एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये जाऊन राहिली व तिने आपले खाणेपिणे बदलले नाही, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले तिला रुचेल काय? क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांबद्दलही त्यांनी असाच सरळ प्रश्न विचारला: हिंदुस्थानातील भगिनींना जी भाषा कळत नाही ती त्यांनी गळ्यात का वागवावी, आणि लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही? तिसरा विषय अधिक गंभीर होता. चर्चच्या श्रद्धेचा जो ठरीव मसुदा सर्वांनी मिळून म्हणायचा असतो त्याला विश्वासांगीकार म्हणतात. त्यांपैकी अथनेशियसच्या नावावर चालणारा विश्वासांगीकार त्रैक्याचा, म्हणजे एकाच देवाच्या ठायी पिता, पुत्र व पवित्र आत्मा आहेत या मताचा, अत्यंत काटेकोर तपशील मांडतो आणि तो जसाच्या तसा न मानणाऱ्याला तारण नाही असे बजावतो. जे आपल्या बुद्धीला अजून पटलेले नाही ते ओठांनी म्हणणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले, आणि आपण न मानलेले मत आपल्या मुलीला आपले म्हणून शिकवले जावे हेही त्यांना मान्य नव्हते. पुरोहितवर्गाचे एक जू मानेवरून नुकते उतरवले असताना त्याच जातीचे दुसरे जू घेण्यास आपण तयार नाही, या आशयाचे त्यांचे उत्तर पुष्कळदा उद्धृत केले जाते. मात्र ज्या पत्रव्यवहारात ते येते त्यातले संबोधन सहसा कोणी पाहत नाही. सिस्टर जेराल्डीन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्राच्या माथ्यावर हा मराठी शब्द घालून त्याखाली त्या आपला मतभेद मुद्देसूद मांडीत. नाते तोडू पाहणारी व्यक्ती असे लिहीत नाही. नाते टिकवायचे आहे पण खोट्याच्या पायावर नाही, असे ज्याला वाटते तोच असे लिहितो.

याच काळातील एक प्रकरण मात्र मुद्दाम थांबून पाहण्यासारखे आहे. चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकत व शिकवीत असताना त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर लोक नावे ठेवतील आणि रमाबाईंच्या कार्याला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या स्त्रीने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली, तिला हिंदुस्थानी लोकांच्या भावना इंग्रज बिशपांनी समजावून सांगाव्यात, यातला विनोद त्या वेळी कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. रमाबाईंना राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. स्वतःच्या देशाबद्दल आणि स्वतःच्या चारित्र्याबद्दल निर्णय झाले, पण तिला विचारले गेले नाही. तरीही नम्रतेचा उपदेश झाला तो तिलाच.

येथे मूळ मुद्द्याला हात घालावा लागतो. नम्रतेचा शास्त्रातील सर्वांत मोठा दाखला म्हणून पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील दुसरा अध्याय दिला जातो. त्यात ख्रिस्ताने देवाशी असलेली बरोबरी धरून न ठेवता स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, असे सांगितले आहे. या दाखल्यात खाली उतरतो तो वर असलेला. ज्याच्याकडे सत्ता, मान व अधिकार आहे त्याने तो सोडल्याची ही हकीकत आहे; ज्याच्याकडे काहीच नाही त्याला आणखी वाकायला लावल्याची नाही. तरीही व्यवहारात या वचनाचा उपदेश नेहमी वरून खाली वाहतो: पाळकाकडून मंडळीकडे, मिशनरीकडून नवख्रिस्ती माणसाकडे, सासूकडून सुनेकडे. विनयाचे ओझे ज्याच्या पाठीवर ठेवले जाते तो आधीच वाकलेला असतो, आणि ठेवणारा ताठ उभा राहून त्याला प्रीतीचे नाव देतो.

यावर असे म्हटले जाईल की हा सत्तेचा हिशेब आधुनिक आहे, जुन्या ख्रिस्ती परंपरेला तो ठाऊक नव्हता. परंपरा मात्र वेगळे सांगते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने अंत्युखिया येथील एक प्रसंग नोंदवला आहे. पेत्र हा येशूच्या बारा शिष्यांमधला अग्रणी. तो यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत असे, पण यरुशलेमेहून काही कर्मठ मंडळी येताच त्याने ती पंगत सोडली, आणि त्याचे पाहून पौलाचा सोबती बर्णबा याच्यासारखा माणूसही उठला. पंगत कोणाबरोबर बसते यावरून माणसाची किंमत ठरते, हे मराठी वाचकाला कोणी समजावून देण्याची गरज नाही. पौल हा मागाहून आलेला, एकेकाळी मंडळीचा छळ केलेला माणूस. त्याने सर्वांच्या देखत पेत्राला तोंडावर सुनावले.

हा प्रसंग पुढच्या पिढ्यांना इतका अवघड गेला की चौथ्या शतकातील थोर भाष्यकार जेरोम याने त्यावर तोडगा मांडला: दोघांत आधीच संगनमत झाले होते, पौलाचा राग हे नाटक होते आणि लोकांना धडा मिळावा म्हणून ते वठवले गेले. म्हणजे थोरामोठ्यांची अब्रू राखण्यासाठी थोडेसे सोयीचे असत्य. हिप्पोचा ऑगस्टीन, जो तेव्हा वयाने व कीर्तीने जेरोमहून लहान होता, त्याने हे मत खोडून काढले. शास्त्रात एकदा सोयीचे असत्य मान्य केले की कोणत्याच वाक्यावर विसंबता येणार नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. ऑगस्टीनचे पहिले पत्र जेरोमपर्यंत पोहोचलेच नाही, पुढच्या पत्राच्या प्रती मात्र परस्पर इतरांच्या हाती फिरल्या, जेरोम दुखावला, आणि दोघांमधला वाद काही वर्षे चालला. त्यात ऑगस्टीनने काढलेला निष्कर्ष आजच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. प्रीती न सोडता धाकट्याने सत्यासाठी थोरल्याला अडवण्याचे धैर्य करावे, हा धडा पौलाने घालून दिला. पण त्याहून दुर्मिळ आणि अधिक पवित्र धडा पेत्राने दिला, कारण आपल्याहून मागाहून आलेल्याने चूक दाखवली असता ती त्याने मानून घेतली. म्हणजे या प्रसंगातील नम्रता शोधायची ती बोलणाऱ्याच्या गप्प बसण्यात नव्हे, ऐकणाऱ्याच्या ऐकून घेण्यात. वांटेजला पौलाची भूमिका करणारे कोणीतरी होते. पेत्राची जागा रिकामी होती.

अगदीच रिकामी होती असे मात्र म्हणता येत नाही. चेल्टनमच्या प्राचार्या डोरोथिया बील याही अँग्लिकनच होत्या, आणि रमाबाईंच्या शंका त्यांना पुरत्या माहीत होत्या. त्यांनी त्या शंकांना रोग न मानता प्रश्न मानले, त्यांवर पत्रांतून सविस्तर चर्चा केली, आणि या विद्यार्थिनीला स्वतःच्या विचाराने वाट काढू द्यावी असे वांटेजच्या वरिष्ठांना कळवले. एकाच चर्चमधील, एकाच काळातील आणि एकाच वर्गातील दोन स्त्रियांनी एकाच व्यक्तीशी इतके निराळे वागावे, याचा अर्थ उघड आहे: सिस्टर जेराल्डीन यांच्या वागण्याचे समर्थन ‘त्या काळची रीतच तशी होती’ असे म्हणून करता येत नाही.

आज्ञापालनाच्या बाजूने जो युक्तिवाद खरोखर वजनदार आहे तो मठजीवनातून येतो. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली रचली तिच्यात विलंब न लावता केलेले आज्ञापालन ही नम्रतेची पहिली पायरी मानली आहे, आणि नम्रतेच्या बारा पायऱ्यांची शिडीच तिथे वर्णिली आहे. स्वतःच्या इच्छेच्या गुलामगिरीतून सुटण्यासाठी माणूस दुसऱ्याच्या आज्ञेखाली राहतो, हा विचार उथळ नाही. सद्‌गुरूला शरण जाण्याची वारकरी किंवा नाथपंथी कल्पना ज्याला ठाऊक आहे तो त्याची थट्टा करणार नाही. परंतु त्याच नियमावलीच्या तिसऱ्या अध्यायात मठाधिपतीला बजावले आहे की महत्त्वाच्या कामी सर्व बंधूंना बोलावून त्यांचे मत घ्यावे, कारण जे हिताचे असते ते देव अनेकदा वयाने लहान असलेल्याला सुचवतो. अडुसष्टाव्या अध्यायात, झेपणार नाही असे काम सांगितले गेले तर त्या बंधूने योग्य वेळ पाहून आपली अडचण वरिष्ठापुढे शांतपणे मांडावी, अशी मुभा आहे. शिवाय मठाचे आज्ञापालन स्वखुशीने, व्रत घेऊन स्वीकारलेले असते. रमाबाईंनी असे कोणतेही व्रत घेतले नव्हते. बाप्तिस्मा ही ख्रिस्ताशी बांधिलकी. तिचा अर्थ एका इंग्रज भगिनीसंघाची ताबेदारी असा करणे म्हणजे न केलेल्या कराराची वसुली करणे होय.

दुसऱ्या बाजूची अतिशयोक्तीही तितकीच त्याज्य आहे, आणि तिच्यावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. प्रीतीने सत्य बोलावे या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील उपदेशातून ‘प्रीतीने’ हा भाग गाळून केवळ बोलण्याचा परवाना घेणारे पुष्कळ झाले. एकोणिसाव्या शतकातील मराठी मिशनरी पुस्तिकांत हिंदू दैवतांची जी टवाळी आढळते ती याच जातीची. दुसऱ्याच्या श्रद्धेचा अभ्यास न करता तिच्यावर बोट ठेवणाऱ्याला सत्य सांगण्याचा हक्क अजून मिळायचा असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जावे, मग एकदोघांना घेऊन जावे आणि शेवटी मंडळीपुढे जावे असा क्रम आहे, आणि त्यातील पहिली पायरी गाळण्याचा मोह पत्रके छापणाऱ्यांना नेहमीच झाला आहे. रमाबाईंनी ती पायरी गाळली नाही, हे ध्यानात घ्यावे. त्यांनी आपले म्हणणे संबंधित व्यक्तींनाच पत्रातून कळवले.

आणि जेथे प्रश्न खाजगी मतभेदाचा नव्हता तेथे त्या चव्हाट्यावरही बोलल्या. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी विटंबना होत होती, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकात पत्र लिहिले. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले आणि सरकारने आरोप नाकारला. राज्यकर्ते स्वधर्मीय होते, देणगीदारांतही इंग्रज होते. घरातले उणे बाहेर काढू नये हा ‘ऐक्या’चा नियम त्यांनी पाळला असता तर त्यांना नम्र म्हटले गेले असते, आणि प्लेगच्या इस्पितळातील बायकांच्या वतीने बोलणारा एक आवाज कमी झाला असता.

या साऱ्याविरुद्ध एक आक्षेप असा घेता येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, की स्वतःसाठी विवेकाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या रमाबाईंनी ते आपल्या छत्राखालील मुलींना दिले काय? मार्च १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलेले त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे जाहीर करण्यात आले होते. अमेरिकेतील ज्या मंडळाने पैसा पुरवला त्याची भूमिका तीच होती आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार त्याच विश्वासावर पुढे आले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार न लावता प्रार्थना करीत. काही मुली तेथे येऊन बसत, आणि कोणाला बोलावणार नाही पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही अशी त्यांची भूमिका होती. १८९३ मध्ये ‘केसरी’ने त्यावर सडकून टीका केली आणि रानडे व भांडारकर यांनी संबंध तोडल्याचे जाहीर केले.

येथे रमाबाईंचे भक्त त्यांची बाजू जितकी सहज जिंकतात तितकी ती सोपी नाही. अक्षराने पाहिले तर त्यांनी वचन मोडले नाही. परंतु अन्न, वस्त्र आणि निवारा जिच्या हातून मिळतो तिचे उघडे दार हे एका बालविधवेच्या लेखी निव्वळ उघडे दार नसते. त्यात न उच्चारलेले बोलावणे असते. ही गोष्ट सगळ्या हिंदुस्थानात रमाबाईंइतकी कोणाला ठाऊक असणार? वांटेजच्या छपराखाली त्यांनी स्वतः ती सोसली होती. म्हणून शारदासदनाच्या प्रकरणात त्यांच्यावर जी टीका टिकते ती त्यांच्याच पत्रांच्या मापाने केलेली टीका होय. त्यांनी धर्म बुडवला ही त्या काळची ओरड टिकत नाही. आणि रानडे-भांडारकरांच्या वागण्याबद्दलही एवढे म्हटले पाहिजे की स्नेह असूनही त्यांनी आपला मतभेद कुजबुजीत न ठेवता उघड नोंदवला. पुढे केडगावचे मुक्ती सदन रमाबाईंनी ख्रिस्ती संस्था म्हणूनच उभे केले. ‘मुक्ती’त ताठा गळाला असे म्हणणाऱ्यांनी हा बदल पाहावा: तेथे गळाली ती संदिग्धता. स्वभावाचा पीळ कायम होता, आणि त्याच्याच बळावर त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले व १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते केले.

सिस्टर जेराल्डीन यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी, आणि ती त्यांच्या समर्थकांच्या ध्यानात क्वचितच येते. रमाबाईंची ही सारी पत्रे त्यांनीच जपली, ओळीने लावली आणि त्यांना टिपणे जोडली. त्या टिपणांतून त्यांची नापसंती जागोजागी डोकावते, आपलेच म्हणणे खरे होते हा विश्वासही ढळलेला दिसत नाही. तरीपण ज्या पत्रांत त्यांना स्वतःला खडे बोल ऐकवलेले आहेत तीही त्यांनी फाडून टाकली नाहीत. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यामुळेच प्रतिपक्षाचा पुरावा आज वाचकाच्या हाती आहे. रमाबाईंना गर्विष्ठ ठरवू पाहणाऱ्यांनी त्यातील निदान ‘आजीबाई’ या संबोधनाखालचा मजकूर पुरता वाचावा, आणि मग त्यांना हवे ते म्हणावे.